पंप थांबलाच पाहिजे

प्रश्न: काका, नमस्कार. माझ्याकडे ६० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, लांबी ६० आणि रुंदी ३० सेंटीमीटर. दोन क्लाउनफिश आणि काही गोगलगाई आहेत. उन्हाळ्यात रोज अर्धा सेंटीमीटर पाणी उतरतं. जोडून सुट्टी आली की आम्ही खानापूरला गावी जातो, तेव्हा फार काळजी वाटते. पाणी आपोआप भरणारं तयार यंत्र परवडत नाही. ओळखीचे कंपाउंडर म्हणतात, सलाईनचा सेट लावून थेंब थेंब सोडा. घरीच काही करता येईल का? आणि भरायचं ते मिठाचं पाणी की गोडं? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे.
— एक शिक्षिका, निपाणी

उत्तर: ताई, आधी गोड्या-खाऱ्याचं बघू. ते चुकलं तर बाकीची खटपट वाया जाईल. भरायचं ते गोडंच पाणी. आमटी आटून खारट झाली की आपण तिच्यात पाणी ओततो, मीठ नाही. टाकीतूनही वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. तुमच्या टाकीत अर्धा सेंटीमीटर म्हणजे सुमारे ९०० मिली. वाळू-दगडांची जागा सोडून ५० लिटर पाणी धरा. समुद्राच्या पाण्यात किलोमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. चार दिवस पाणी घातलं नाही तर ते ३७ च्या पुढे जातात. मग घरी आल्या आल्या आपण घाईने तांब्या तांब्या पाणी ओततो आणि जिवांना दुसऱ्या बाजूने धक्का बसतो.

सलाईनचा सेट मात्र नको. टाकीत पाणी किती आहे हे त्या थेंबांना कळत नाही. मे महिन्यात जमवलेला वेग जुलैत, हवा ओली असताना, जास्त होणार आणि टाकी भरत जाणार. शिवाय बाटली रिकामी होत जाईल तसा थेंबही मंदावतो.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनच्या कंट्रोल पॅनेलवर काम करण्यात माझं आयुष्य गेलं. त्या अनुभवावरून सांगतो, पंप सुरू करणं कुणालाही जमतं. तो कशाने थांबणार, आणि त्याने नाही थांबवलं तर पुढे काय होणार, हे आधी ठरवायचं. तुमच्या टाकीत तर जीव आहेत.

सामान थोडं लागतं: १२ व्होल्टचा ॲडाप्टर, १२ व्होल्टचा पाण्यात बुडणारा छोटा पंप, १२ व्होल्टचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) आणि प्लास्टिकचे दोन फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारे स्विच. निपाणीत नाही मिळालं तर कोल्हापुरात किंवा बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल. कूलरचा पितळी व्हॉल्व्ह कुणी सुचवला तर घेऊ नका. पितळेतलं तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं आणि गोगलगाईंना ते विष आहे.

दोन्ही फ्लोट असे लावा की फ्लोट खाली असताना स्विच जोडलेला राहील आणि वर उचलला की तुटेल. पहिला नेहमीच्या पातळीवर, दुसरा त्याच्या एक सेंटीमीटर वर. दोन्ही एकामागोमाग, एकाच वायरीत. पहिला अडकला आणि पंप चालूच राहिला, तर वर आलेलं पाणी दुसऱ्याला उचलेल आणि पंप बंद पडेल. फ्लोट अडकतो तो बहुधा गोगलगाईमुळे, नाहीतर साठलेल्या मिठामुळे. म्हणून दोन्हीभोवती भोकं पाडलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवा आणि अधूनमधून फ्लोट काढून व्हिनेगरमध्ये बुडवून धुवा.

पंपाची वायर सरळ फ्लोट स्विचमधून नेऊ नका. स्विचच्या आत चुंबकाने हलणाऱ्या दोन अगदी नाजूक पट्ट्या असतात. मोटर सुरू होताना जो जास्तीचा करंट ओढते, त्याने त्या एकमेकींना चिकटू शकतात, आणि मग फ्लोट वर आला तरी पंप थांबत नाही. स्विचने रिले चालवायचा, रिलेने पंप. डायोड रिलेच्या कॉइलच्या दोन टोकांमध्ये आडवा जोडा, डायोडवर रेघ असलेलं टोक प्लसकडे. ॲडाप्टर ज्या सॉकेटला आहे, त्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, असू द्या. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये शिरणार नाही.

गोड्या पाण्याचा कॅन फक्त पाच लिटरचा ठेवा. वीस लिटरचा मोह होतो, पण तो आवरा. दोन्ही स्विच निकामी होऊन पाचही लिटर आत गेले तरी पाणी जेमतेम तीन सेंटीमीटर चढेल आणि क्षार ३२ च्या आसपास राहतील. क्लाउनफिश तेवढं सोसतात. वीस लिटर गेले तर मात्र टाकी उतू जाईल, फरशी भिजेल आणि टाकीतलं पाणी फारच पातळ होईल. काठाखाली चार सेंटीमीटर जागा मोकळी ठेवा. कॅन टाकीच्या पातळीखालीच हवा आणि नळीचं तोंड पाण्याच्या वर, नाहीतर पंप थांबल्यावर टाकीतलं खारं पाणी उलटं कॅनमध्ये उतरेल.

लाईट जाण्याची चिंता या कामापुरती करू नका. काही तासांत थोडंच पाणी उडतं. लाईट गेल्यावर खरा प्रश्न प्राणवायूचा असतो, त्यासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप वेगळा घ्या.

बोअरचं पाणी कॅनमध्ये घालू नका. त्यातले क्षार रोज थोडे थोडे टाकीत साठत जातात. आरओचं चालेल, पण घरगुती आरओ चवीसाठी त्यात थोडं मूळ पाणी मिसळतात. मेकॅनिककडून ते मिसळणं बंद करून घ्या, पुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषून घेणारं) फिल्टर लावा आणि पाण्यातले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा शून्याच्या जवळ आला की मगच ते पाणी वापरा.

आधी सगळं बादलीत चालवून बघा. दोन्ही फ्लोट हाताने उचलून पंप थांबतो का ते तपासा. मग तुम्ही घरी असताना काही आठवडे टाकीवर चालू द्या. पाणी बदलायच्या दिवशी सर्वांत आधी ॲडाप्टर काढा. तुम्ही खारं पाणी उपसलंत की फ्लोट खाली जाईल आणि पंप त्या जागी गोडं पाणी भरत सुटेल. नवं खारं पाणी घालून पातळी जुन्या खुणेला आली, की ॲडाप्टर परत लावा.