चक्रीवादळाचा मार्ग चार दिवस आधी कळत असताना अमेरिकेत पुरात इतकी माणसं का मरतात? लोक हट्टाने घर सोडत नाहीत म्हणून का?

प्रश्नाचा पहिला भाग ठीक आहे. दुसरा वाचल्यावर मात्र लिहायला बसलो, कारण हेच वाक्य मी 2017 पासून दर दिवाळीला डॅलसला आमच्या साडूंच्या घरी फराळासोबत ऐकतो. त्यामुळे उत्तर लांबणार.

मी ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी भागात राहतो. 2017 सालचं हार्वे चक्रीवादळ आमच्या घरातून गेलंय. वारं नाही, पाणी. टीव्हीवर दिसतं ते वाकलेलं नारळाचं झाड आणि उडालेलं छप्पर, आणि माणसं मरतात ती अंडरपासमध्ये साचलेल्या पाण्यात. हार्वेत टेक्ससमध्ये थेट वादळाने 68 माणसं गेली. त्यातली तीन सोडली तर बाकी सगळी पावसाच्या पुराने. समुद्राच्या लाटेने एकही नाही. निम्म्याहून जास्त ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा), आणि वादळाचा डोळा ह्यूस्टनपासून अडीचशे किलोमीटरवर रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला लागला होता.

तुम्ही म्हणता मार्ग आधी कळतो. हार्वेचा मार्ग ऐका. 17 ऑगस्टला बार्बाडोसच्या पूर्वेला त्याला नाव मिळालं. दोन दिवसांत कॅरिबियनमध्ये ते विस्कटलं, वादळ म्हणायच्या लायकीचंही उरलं नाही. 23 तारखेला मेक्सिकोच्या आखातात कँपेचेच्या उपसागरात पुन्हा उठलं. पाणी भलतंच गरम होतं. 25 च्या रात्री किनाऱ्याला लागलं तेव्हा ते श्रेणी 4 होतं, वारा ताशी 215 किलोमीटरच्या घरात. आणि मग थांबलं. दोन्ही बाजूंना उच्च दाबाची क्षेत्रं, पुढे ढकलणारा वारा नाही. टेक्ससवर रेंगाळत राहिलं, 28 ला परत समुद्रावर गेलं, आणि 30 ला लुइझियानात कॅमेरॉनजवळ पुन्हा जमिनीवर आलं. एवढा वेळ आखातातली वाफ ओढून आमच्यावर ओतणं चालूच. ह्यूस्टन बुडालं तेव्हा ते हरिकेनही राहिलेलं नव्हतं, नुसतं उष्णकटिबंधीय वादळ होतं. नेडरलंड नावाच्या गावाजवळ एकूण 1539 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला होता, तो एका दिवसात. इथे पाच-सहा दिवस रोज थोडं थोडं मुंबई झालं म्हणा.

हवामानवाल्यांनी हे सांगितलं नव्हतं असंही नाही. किनाऱ्याला लागण्याआधीच काही ठिकाणी 35 इंचांपर्यंत पाऊस होईल असा इशारा होता. पण लोक बघतात तो अंदाजाच्या नकाशावरचा कोन, तो पांढरा फुगत जाणारा पट्टा. कोन फक्त वादळाचं केंद्र कुठून जाऊ शकतं एवढं सांगतो. नवरदेवाची गाडी कुठल्या रस्त्याने येणार हे त्यात असतं, वरात केवढी आहे आणि मांडवात किती दिवस मुक्काम ठोकणार आहे हे नसतं. श्रेणी 1 ते 5 सुद्धा फक्त वाऱ्याची. पावसाला श्रेणी नाही. 2001 चं ॲलिसन तर कधी हरिकेन झालंच नाही, तरी ह्यूस्टनमध्ये वीसच्या वर माणसं घेऊन गेलं आणि टेक्सस मेडिकल सेंटरमधल्या इस्पितळांची तळघरं भरली.

आता आमचं.

त्या वर्षी गणेश चतुर्थी 25 ऑगस्टला, शुक्रवारी होती. म्हणजे सकाळी प्राणप्रतिष्ठा आणि रात्री रॉकपोर्टला वादळ. साडूंचा फोन गुरुवारीच आला. "अहो, कोन बघितलात का? गाडीत बसा आणि इकडे या. गणपती इथेच बसवा." आमच्याकडे गौरी-गणपती असतात, आई तेव्हा आमच्याकडे होती, वय झालेलं, गुडघे गेलेले. मी नाही म्हटलं. कारण गणपती नव्हता. कारण रीटा होतं.

सप्टेंबर 2005. कॅट्रिना वादळाला महिनाही झाला नव्हता, त्यात बुडालेल्या न्यू ऑर्लिन्सची दृश्यं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि रीटा हे पुढचं वादळ ह्यूस्टनकडे येतंय म्हटल्यावर अख्खं शहर रस्त्यावर आलं. पंचवीस लाखांच्या आसपास लोक. आम्हीही निघालो, मुलगी तेव्हा कडेवरची, याच डॅलसच्या रस्त्याने, आय-45 ने. अख्खी रात्र गेली आणि आम्ही अजून ह्यूस्टनची उपनगरंच ओलांडत होतो. एसी बंद, कारण पेट्रोल संपेल. पंपांवर पेट्रोल नाही. बाहेर टेक्ससचा उकाडा. लोक गाड्या ढकलत नेत होते. पोरीला ओल्या पंच्याने पुसत होतो. रीटा शेवटी लुइझियानाच्या सीमेकडे वळलं, आणि त्या पळापळीत शंभराच्या वर माणसं गेली. वृद्धाश्रमातल्या लोकांना घेऊन निघालेली बस डॅलसच्या अलीकडे याच आय-45 वर पेटली, 23 म्हातारी माणसं जळून गेली. साडूंच्या घरापासून ती जागा लांब नाही. हे मी त्यांना दर वर्षी सांगतो. ते चकली पुढे करतात.

म्हणून हार्वेच्या वेळी महापौर सिल्व्हेस्टर टर्नर यांनी शहर रिकामं करायचा आदेश दिला नाही आणि त्यांच्यावर देशभरातून टीका झाली, तेव्हा मी एकटा त्यांच्या बाजूने भांडत होतो. ह्यूस्टन आणि आजूबाजूला मिळून पासष्ट लाख लोक. हे सगळे आय-45 आणि आय-10 वर असताना पाऊस सुरू झाला असता तर 68 वर भागलं नसतं. इथले बरेच महामार्ग खोलगट बांधलेत, पाऊस पडला की तेच नाले होतात.

शनिवारी रात्रीपासून खरा पाऊस लागला. रविवारभर फोन तासातासाला इशाऱ्याचा आवाज करत होता. सगळ्या बायू भरून वाहत होत्या (बायू म्हणजे आपला ओढा समजा, पण सपाट जमिनीवरचा, ज्याला उतरायची घाई नसते). रविवारी संध्याकाळी आमच्या रस्त्यावर पाणी होतं, घरात नव्हतं. वाटलं सुटलो. सोमवारी पहाटे बातमी आली की आर्मी कोअरने (लष्कराचं इंजिनिअर खातं, इथली धरणं तेच सांभाळतं) ॲडिक्स आणि बार्कर या धरणांचे दरवाजे उघडले.

आई पुण्याची, नारायण पेठेतली. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा तिने घर गमावलंय. 'धरण' आणि 'पाणी' हे दोन शब्द एका वाक्यात आले की ती बसलेली उठते. "फुटलं की सोडलं?" हा तिचा पहिला प्रश्न. सोडलं, म्हटलं. "मग आपल्याकडे येणार?" मी म्हटलं, नाही, ते खाली शहराकडे जाईल, आपण वरच्या बाजूला आहोत. ती थोडा वेळ गप्प राहिली. "वरच्या बाजूला म्हणजे? आपण धरणाच्या पोटात राहतो की काय?"

हो. अगदी तसंच. ही दोन धरणं 1940 च्या दशकात बांधली, 1929 आणि 1935 च्या पुरांनंतर शहर वाचवायला. एरवी कोरडी असतात. बार्करच्या पोटात जॉर्ज बुश पार्क आहे, पोरं फुटबॉल खेळतात, हरणं दिसतात. कुणाला वाटणार नाही हे धरण आहे. पण बांधताना सरकारने पाणी साठू शकेल एवढी सगळी जमीन घेतली नाही. ताब्यातल्या जमिनीची हद्द आणि धरणाची पूर्ण क्षमता यांच्या मधे जो पट्टा उरला त्यावर बिल्डरांनी हजारो घरं बांधली, शाळा चांगल्या म्हणून आपल्या लोकांनी धावत जाऊन घेतली. फोर्ट बेंड काउंटीत काही लेआउटच्या नकाशांवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की इथे पाणी साठू शकतं. घर घेताना तो कागद कोण वाचतो? माझं स्पष्ट मत आहे की ती घरं तिथे असायलाच नको होती, माझं धरून. 2019 च्या डिसेंबरात फेडरल कोर्टाने या वरच्या बाजूच्या घरमालकांच्या बाजूने निकाल दिला, सरकार जबाबदार आहे म्हणून.

पाऊस थांबत आला तरी आमच्याकडे पाणी चढत होतं, हे साडूंना आजही पटत नाही. तलाव मागे पसरतो तसं. लाटा नाहीत, आवाज नाही. मंगळवारी, गौरी यायच्या दिवशी, उंबरठा ओलांडून आलं. रस्त्यावर गुडघ्याच्या वर. गाडी काढायचा प्रश्नच नव्हता आणि मी ती काढणारही नव्हतो. लुइझियानाहून आलेले स्वयंसेवक सपाट तळाच्या बोटी घेऊन गल्लीत फिरत होते, त्यातल्या एकाने आम्हाला घेतलं. आईला खुर्चीसकट उचललं. मूर्ती शाडूची, भिजली की संपली, म्हणून बायकोने ती बर्फाच्या मोठ्या कूलरमध्ये उपरण्यात गुंडाळून ठेवली होती. बोटवाल्याला वाटलं बिअर आहे, त्याने खुशीत मधोमध जागा केली. कुणी काही बोललं नाही. शुगर लँडला एका मित्राच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं राहिलो आणि गौरी-गणपतीचं विसर्जन बादलीत केलं. आईने त्यावरून मला दोन दिवस बोल लावले, पुराबद्दल चकार शब्द नाही.

घरात दोन फूट पाणी बरेच दिवस राहिलं. नंतर चार फुटांपर्यंत शीटरॉक (इथल्या भिंतींचे जिप्समचे पत्रे) कापून काढलं, बाहेर ढीग रचला, गल्लीत प्रत्येक घरासमोर तसाच. ते सगळं लिहीत बसत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

तर साडूंचं म्हणणं, 'आधीच आला असतात तर हे झालं नसतं.' काय झालं नसतं? पाणी आलंच असतं, मी डॅलसला बसलो असतो म्हणून बार्कर भरायचं थांबलं नसतं. आमच्यातलं कुणी बुडालं का? नाही. कोण बुडालं ते बघा. ह्यूस्टन पोलिसांतला एक जुना सार्जंट, अंधारात ड्युटीवर जायला निघाला, गाडीसकट अंडरपासमध्ये गेला. ग्रीन्स बायूजवळ एकाच घरातली सहा माणसं व्हॅनमधून सुरक्षित जागी निघाली होती, त्यात चार मुलं. ही माणसं हट्टाने घरात बसली होती का? उलट, बाहेर पडली होती. इथे पाटीच असते, पाणी दिसलं की मागे वळा, बुडू नका. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी तरंगवतं आणि रात्री खोली कळत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर हे: पुरात मरणाऱ्यांमध्ये गाडीतली माणसं फार असतात, आणि ती हट्टी नसतात, घाईत असतात.

विम्याचंही ऐका, कारण तिथेही साडू आहेत. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. आमचं घर नकाशात पूररेषेच्या बाहेर. एजंट म्हणाला गरज नाही. साडू म्हणाले पैसे पाण्यात. आई म्हणाली घे, आणि मी घेतला. हॅरिस काउंटीत हार्वेत भिजलेल्या घरांपैकी बहुसंख्य पूररेषेच्या बाहेरचीच होती आणि बहुतेकांकडे विमा नव्हता. पैसे पाण्यातून परत आले, असं मी साडूंना एकदाच म्हटलं. तेव्हापासून त्या विषयावर ते गप्प असतात, फक्त 'आला असतात तर' चालू आहे.

आता तुम्ही गॅल्व्हस्टनला किंवा समुद्राकाठी कुठेही राहत असाल तर वरचं सगळं विसरा. तिथे लाट येते, सांगितलं की निघायचं, एक दिवस आधी निघायचं. घरात डायलिसिसवरचं, ऑक्सिजनवरचं माणूस असेल तरी आधीच निघा, वीज जाते. तळमजल्यावर एकटे असाल तर वरच्या मजल्यावर कुणाशी बोलून ठेवा. पाणी चढलंच तर माळ्यावर जाऊन अडकू नका, छपरावर जाता येईल अशी सोय बघा, हे हार्वेच्या वेळी अधिकारी सारखे ओरडून सांगत होते. आणि काउंटीचा आदेश आला तर माझ्यासारख्या माणसाचं उत्तर वाचून थांबू नका. आदेश आला आणि रस्ता कोरडा असला तर डॅलस चांगलं शहर आहे.

पुराचा सरकारी विमा घेतल्यावर सहसा 30 दिवसांनी लागू होतो. मोसम 1 जूनला सुरू होतो. एप्रिल संपायच्या आत घ्या, एजंट काहीही म्हणो.