पोकेमॉनच्या लढतीसाठी पहिली टीम : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबाग भागात राहतो आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. लहानपणी टीव्हीवर पोकेमॉन पाहत वाढलो आणि गेल्या महिन्यापासून मित्रांच्या नादाने ‘पोकेमॉन शोडाउन’ या ऑनलाइन लढतींच्या संकेतस्थळावर खऱ्या माणसांशी लढू लागलो. सिंगल्सच्या, म्हणजे एकास एक लढतीच्या, ‘ओयू’ (ओव्हरयूज्ड) प्रकारात मी चारिझार्ड, ड्रॅगोनाईट, सॅलॅमेन्स, ग्याराडोस, टायरानिटार आणि गारचॉम्प अशी टीम घेतो. यांपैकी ड्रॅगोनाईट माझा सर्वांत आवडता. एकही दुबळा नाही, तरीही पहिल्या वीस लढतींपैकी सतरा हरलो. मित्र म्हणतो, दुसऱ्याची तयार टीम उचल. मला ते पटत नाही. टीम बांधायला सुरुवात कोठून करावी?

उत्तर : तुमचे पत्र वाचल्यावर मी कागद घेऊन या सहा नावांपुढे एकच हिशेब मांडला, तो ‘स्टेल्थ रॉक’चा. प्रतिस्पर्ध्याने ही मूव्ह (पोकेमॉनची चाल) एकदा वापरली, की तुमच्या बाजूला टोकदार दगड तरंगत राहतात आणि त्यानंतर मैदानात उतरणाऱ्या प्रत्येकाला ते लागतात. रॉक टाईपपुढे (टाईप म्हणजे पोकेमॉनची आणि मूव्हची जात) जो जितका कच्चा, त्याला तितका मार अधिक. चारिझार्डचे ५० टक्के आयुष्य नुसते मैदानात पाऊल टाकताच जाते. ड्रॅगोनाईट, सॅलॅमेन्स आणि ग्याराडोस यांचे प्रत्येकी २५ टक्के, टायरानिटारचे साडेबारा आणि गारचॉम्पचे सव्वासहा. दगड पडल्यानंतर सहाही जण एकेकदा मैदानात आले, तर बेरीज १४३ टक्क्यांच्या पुढे जाते, म्हणजे समोरच्याने एकही थेट वार न करता तुमचे जवळपास दीड पोकेमॉन संपलेले असतात. त्यात ड्रॅगोनाईट, सॅलॅमेन्स आणि गारचॉम्प या तिघांनाही आईस टाईपचा मार चौपट बसतो, त्यामुळे ‘आईस शार्ड’सारखी अवघ्या ४० ताकदीची, पण आधी लागणारी मूव्हसुद्धा या तिघांना भारी पडते.

तेव्हा ‘एकही दुबळा नाही’ हे तुमचे म्हणणे खरे असले, तरी त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे कबड्डीचा संघ निवडताना सातही चढाईपटू घेतले, तर गावातली पोरेसुद्धा हसतील. कोपरा कोणी धरायचा आणि पकड कोणी करायची, हा प्रश्न नावे लिहिण्यापूर्वीच विचारला जातो. तुम्ही सहा चढाईपटू घेतले आहेत, आणि त्यांतले तिघे एकाच डावाला बाद होतात.

माझी पद्धत अशी आहे, की सहा नावे एकदम लिहायची नाहीत. एकच नाव लिहायचे, ज्याने लढत जिंकावी असे आपल्याला वाटते ते. मग विचारायचे, याला कोण अडवते? त्याचे उत्तर देणारा दुसरा. त्या दोघांना कोण त्रास देते? त्याचे उत्तर देणारा तिसरा. पहिले नाव तुमच्या आवडीचे असायला माझी मुळीच हरकत नाही, उलट ते तसेच असावे. कारण पहिल्या शंभर लढतींत बऱ्याचशा हरायच्याच असतात आणि न आवडणाऱ्या टीमसाठी एवढे हरण्याची चिकाटी कोणाला राहत नाही. अट एवढीच, की पुढची पाच नावे आवडीने नव्हे, तर गरजेने यावीत.

तुमचा ड्रॅगोनाईटच घेऊ. त्याला ‘ड्रॅगन डान्स’, ‘एक्स्ट्रीम स्पीड’, ‘अर्थक्वेक’ आणि ‘रूस्ट’ या चार मूव्ह द्या. एका ड्रॅगन डान्सने त्याचा अटॅक आणि वेग दोन्ही दीडपट होतात. आयुष्य पूर्ण असताना पहिला वार निम्माच लागावा, अशी त्याची ‘मल्टिस्केल’ ही क्षमता आहे. परंतु दगड लागले की आयुष्य पूर्ण राहत नाही आणि ही क्षमता वाया जाते. म्हणून त्याच्या हाती ‘हेवी-ड्यूटी बूट्स’ ही वस्तू हवी, जिच्यामुळे दगड लागतच नाहीत. २०१९च्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’ या गेममध्ये ही वस्तू आली आणि उडणाऱ्या पोकेमॉनचे दिवस पालटले.

आता याला कोण अडवते? कॉर्व्हिनाईट आणि स्कार्मरी. दोघेही स्टील आणि फ्लाइंग टाईपचे, म्हणजे अर्थक्वेक लागत नाही आणि एक्स्ट्रीम स्पीड निम्मीच लागते. त्यांना झिजवण्यासाठी दुसरा घ्या रोटॉम-वॉश. त्याची ‘व्होल्ट स्विच’ या पक्ष्यांना दुप्पट लागते आणि वार करून तो स्वतः मागे परततो, त्यामुळे समोरच्याची चाल पाहून आपल्याला योग्य माणूस उतरवता येतो. समोर ग्राउंड टाईप आला, तर व्होल्ट स्विच फुकट जाते. तेथे ‘हायड्रो पंप’ वापरावा लागतो. त्याची अचूकता ८० टक्के आहे, म्हणजे तो लागोपाठ दोनदा लागण्याची शक्यता ६४ टक्के. नवशिके खेळाडू चुकलेल्या हायड्रो पंपावर फार चिडतात. ज्या योजनेला तो दोनदा लागणे आवश्यक आहे, ती योजना तीनांतून एकदा फसणारच, हे आधीच धरून चालावे.

ड्रॅगोनाईटवर येणारे आईस आणि फेअरी टाईपचे वार कोणी झेलायचे? दोन्ही निम्म्यावर आणणारा स्टील टाईप हवा; तिसरा घ्या गोल्डेंगो. येथे थोडे थांबून पाहा. गोल्डेंगोला ग्राउंड आणि फायर टाईप जड जातात. पण ग्राउंड टाईप रोटॉमला आणि ड्रॅगोनाईटला लागतच नाही आणि फायर दोघांनाही निम्माच लागतो. रोटॉमला एकट्या ग्रास टाईपची भीती, आणि ड्रॅगोनाईटला तो पाव हिश्श्याने लागतो. ड्रॅगोनाईटला आईसची भीती, तर ती गोल्डेंगो आणि रोटॉम दोघेही झेलतात. तिघे एकमेकांचे हात धरून उभे आहेत. जुन्या टीममध्ये तुम्ही एकाला मागे घेत होता तेव्हा पुढे येणारा त्याच वाराला कच्चा निघत होता. आता तसे होणार नाही. अशा तिघांच्या जुळणीला खेळाडू ‘कोअर’ म्हणतात, आणि माझ्या मते टीमबांधणीतले निम्मे कसब एवढ्यातच आहे.

चौथा ग्रेट टस्क. दगड टाकायचे काम तो करतो आणि आपल्या बाजूचे दगड ‘रॅपिड स्पिन’ने तोच उडवतो. ड्रॅगोनाईटला जड जाणारा रॉक टाईप त्याला पाव हिश्श्याने लागतो आणि गोल्डेंगोला नको असलेला डार्क टाईप निम्म्याने. शिवाय गोल्डेंगोची ‘गुड ॲज गोल्ड’ ही क्षमता समोरच्याची ‘डीफॉग’ ही दगड हटवणारी मूव्ह चालू देत नाही आणि तो घोस्ट टाईपचा असल्याने रॅपिड स्पिनही त्याला लागत नाही. त्यामुळे टस्कने टाकलेले दगड सहसा टिकून राहतात. पाचवा किंगॅम्बिट, कारण घोस्ट टाईपचा मार झेलणारा आतापर्यंत कोणी नव्हता. शिवाय आपले जितके साथीदार पडतील, तितका तो प्रत्येकी दहा टक्क्यांनी अधिक जोराने मारतो, म्हणून त्याला शेवटासाठी राखून ठेवावे.

सहावे नाव मी लिहीत नाही. टीमकडे स्पेशल प्रकारचे हल्ले सोसणारा आडदांड कोणी नाही, हे तुमच्या लक्षात येईलच. मी असतो, तर गॅलर प्रांतातला स्लोकिंग घेतला असता, जो मागे परतताना स्वतःचे एकतृतीयांश आयुष्य भरून घेतो. पण मग ग्राउंड टाईपला कच्चे तिघे होतात, हेही पाहा. दहा लढती पाच नावांवर आणि कोणत्याही एका सहाव्यावर खेळा. कोणापुढे वारंवार हरता, तेच सहावे नाव सांगेल.

आकड्यांचा भाग नवशिक्यांना कंटाळवाणा वाटतो, पण एक उदाहरण देतो. प्रत्येक पोकेमॉनला अटॅक, वेग, आयुष्य असे गुणधर्म वाढवण्यासाठी ५१० ईव्ही (एफर्ट व्हॅल्यू) मिळतात. एका गुणधर्मात जास्तीत जास्त २५२ घालता येतात आणि शंभराव्या पातळीवर चार ईव्हींना तो एकाने वाढतो. बरेच जण डोळे मिटून अटॅक आणि वेग यांत २५२-२५२ घालतात. आता गोल्डेंगोच्या हाती ‘चॉइस स्कार्फ’ द्या, जो वेग दीडपट करतो, मात्र एकाच मूव्हला बांधून ठेवतो. वेगात २५२ ईव्ही घातल्यावर त्याचा स्वभाव ‘मॉडेस्ट’ (वेग न वाढवणारा) ठेवला, तर वेग २६७, स्कार्फसह ४००. ‘टिमिड’ (वेग दहा टक्क्यांनी वाढवणारा) ठेवला, तर वेग २९३, स्कार्फसह ४३९. या मधल्या फटीत ड्रॅगापल्ट बसलेला आहे. त्याचा कमाल वेग ४२१. म्हणजे टिमिड गोल्डेंगो ड्रॅगापल्टच्या आधी ‘शॅडो बॉल’ मारून त्याला दुप्पट इजा करतो, आणि मॉडेस्ट गोल्डेंगो त्याच ड्रॅगापल्टच्या हातून मार खातो. ईव्ही वाटताना ‘जास्तीत जास्त किती’ असा प्रश्न विचारू नये. ‘मला कोणाच्या पुढे पळायचे आहे’ असा विचारावा, आणि त्याच्याहून वेग एकाने जास्त झाला, की उरलेले ईव्ही आयुष्यात घालावेत.

मित्राच्या सल्ल्याविषयी. तयार टीम उचलण्यात कमीपणा नाही. तालमीत नवा पोरगा आला, की वस्तादही आधी ठरलेले डावच गिरवून घेतात. स्मोगन या खेळाडूंच्या संस्थेने प्रत्येक प्रकारासाठी नमुना टीम उपलब्ध करून दिल्या आहेत; त्यांतली एक घेऊन वीस लढती खेळा, परंतु प्रत्येक नावापुढे ‘हा येथे का?’ याचे एका वाक्यात उत्तर लिहिल्याशिवाय नको. मी स्वतः पहिली टीम उसनी घेतली होती. तीन आठवडे कृष्णेच्या घाटावर संध्याकाळी मोबाईल घेऊन बसत असे, आणि त्या टीममधील टॉक्सापेक्स नेमके काय करतो, हे मला चौथ्या आठवड्यात कळले.

प्रश्न : माझी भाची साताऱ्यात नववीत शिकते. ती ‘निन्टेन्डो स्विच’ या गेमयंत्रावर डबल्स खेळते आणि तिला पुढे व्हीजीसी या पोकेमॉनच्या अधिकृत प्रकारच्या स्पर्धेत उतरायचे आहे. सिंगल्सची टीम तिला तेथे चालेल का? मला या खेळातले फारसे कळत नाही, तरी तिला सांगता येईल असे उत्तर द्यावे. (एक मामा, शाहूपुरी, सातारा)

उत्तर : चालणार नाही, आणि हे तिला आधीच कळले, तर तिचे दोन महिने वाचतील. व्हीजीसीमध्ये सहा पोकेमॉन घेऊन यायचे, समोरच्याचे सहा पाहायचे आणि त्यांतले चारच निवडून उतरवायचे असतात. एका वेळी दोघे मैदानात असतात आणि सर्वांची पातळी ५० धरली जाते. लढत लहान असते, म्हणून वर ज्यांच्याविषयी इतके लिहिले, त्या दगडांचे महत्त्व येथे घटते. त्याउलट सिंगल्समध्ये क्वचित दिसणारी ‘प्रोटेक्ट’ ही वार अडवणारी मूव्ह येथे जवळपास प्रत्येकाकडे असते. अर्थक्वेकसारखी मूव्ह आपल्या साथीदारालाही लागते, आणि एकाहून अधिकांना लागणाऱ्या मूव्हचा जोर तीनचतुर्थांशावर येतो. दोघांना एकच वस्तू देता येत नाही. तिने सहा नावे ठरवण्याऐवजी आधी दोघांची एक जोडी ठरवावी, जी पहिल्या पाळीला काय करणार हे तिला पाठ असेल; मग ती जोडी जेथे चालणार नाही, तेथे उतरवायची दुसरी जोडी; आणि शेवटी दोन्हींना जोडणारे दोघे.

तिला एक गोष्ट जरूर सांगा. २०१४ साली वॉशिंग्टन डी.सी. येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क विजेता ठरला, तेव्हा त्याच्या टीममध्ये पाचिरिसू नावाची खारीसारखी चिमुकली पोकेमॉन होती. गारचॉम्पच्या मूळ गुणांची बेरीज ६००, तर हिची अवघी ४०५. पण ती ‘फॉलो मी’ वापरून समोरच्यांचे वार स्वतःवर ओढून घेई आणि शेजारी उभ्या असलेल्या ग्याराडोसला मोकळीक मिळे. भाचीला एखादा दुबळा पोकेमॉन आवडत असेल, तर तो टाकून दे असे सांगू नका. त्याचे काम काय, एवढेच विचारा.

प्रश्न : पाच लढती हरल्या की मी टीम बदलतो. हे चूक आहे का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : चूक आहे. वाराची इजा प्रत्येक वेळी ८५ ते १०० टक्क्यांच्या दरम्यान कोठेही पडते आणि चोविसांतून एक वार क्रिटिकल लागून दीडपट होतो, तेव्हा पाच लढतींवरून टीमची परीक्षा होत नाही. शोडाउनवर मानांकन १००० पासून सुरू होते आणि त्याखाली जात नाही, म्हणजे सुरुवातीला हरण्याने गमावण्यासारखे काही नाही. हरलेल्या लढतीचा रिप्ले जतन करा आणि तो पाहताना शेवटचा पोकेमॉन कसा पडला हे न पाहता, आपण मागे घ्यायला हवा होता असा पहिला पोकेमॉन कोणत्या पाळीला मैदानात ठेवला, ते शोधा. वीस रिप्लेंमध्ये तीच चूक आपल्या हातून झालेली दिसली, तर टीम तशीच ठेवा. वीसपैकी आठ-दहा वेळा समोरचा एकच पोकेमॉन तुम्हाला आडवा आलेला दिसला, तर मात्र बदला. तेही एकच नाव, आणि पुन्हा वीस लढती खेळा.