बर्फ पडणाऱ्या खेड्यातला पहिला हिवाळा : सोबत कुत्रा आणि व्हायोलिन आहे. वाद्य शेगडीच्या उबेत ठेवावे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत : असा हिवाळा कुत्र्यासह जड जाईल का, आणि थंडीपासून जपण्यासाठी व्हायोलिन शेगडीजवळ ठेवावे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन महिन्यांत तुमचे तुम्हालाच मिळेल. दुसऱ्यासाठी मात्र मी मुद्दाम लिहायला बसले आहे, कारण याच मुद्द्यावरून आमच्या घरात अकरा वर्षे वाद चालू आहे आणि त्यात एका निरपराध कुत्रीला शिक्षा झालेली आहे.

वाद्य शेगडीजवळ ठेवू नका. थंडीने व्हायोलिन फुटते हा समज चुकीचा आहे; ते फुटते कोरडेपणाने, आणि तो कोरडेपणा आपणच लाकडे जाळून घरात निर्माण करतो.

खेड्यातला माझा तो दुसरा हिवाळा होता. थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या आग्रहावरून मी व्हायोलिन पेटीतून काढून शेगडीसमोरच्या भिंतीवर खुंटीला टांगले होते. ‘वाद्याला ऊब लागते’ हे त्याचे वाक्य, आणि ते त्याने कोणाकडून ऐकले हे तो आजतागायत सांगू शकलेला नाही. सलग चार रात्री पारा उणे दहाच्या खाली होता आणि शेगडी विझू दिली नव्हती. चौथ्या रात्री माझी कुत्री ठिपकी एकाएकी उठली, खिडकीखालच्या पेटाऱ्यावर चढली आणि जीव तोडून भुंकू लागली. त्याच सुमारास ‘टक्’ असा कोरडा आवाज झाला. सकाळी पाहिले तर वाद्याच्या तारा ताणणाऱ्या दोन खुंट्या आपोआप फिरून तारा लोंबत होत्या आणि वाद्याच्या वरच्या फळीवर, खालच्या काठापासून चार बोटे लांब चीर गेली होती. पेटारा व्हायोलिनच्या अगदी खाली होता, त्यामुळे दादाने तिथल्या तिथे निकाल दिला की हे कुत्रीच्या पंजाचे काम आहे, आणि तिची रवानगी गोठ्यात केली.

ती का भुंकली हे त्याने पाहिलेच नाही. खिडकीबाहेर पावलांची एक सरळ ओळ आली होती, मग दोन हात अंतर कोरे बर्फ, आणि त्यापुढे डोके खुपसल्यासारखा एक खड्डा. त्याच्या काठावर करड्या केसांचा छोटा पुंजका पडला होता. कोल्ह्याने शिकार केली होती. बर्फाचा थर वीतभर झाला की त्याखाली जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास टिकते, आणि उंदीर तिथे बोगदे करून हिवाळाभर हिंडत राहतात. कोल्हा वरून त्यांची खुसफुस ऐकतो, कान रोखून क्षणभर थांबतो आणि उंच उडी घेऊन नाकावर कोसळतो. हे दृश्य तुम्हाला खिडकीतून नक्की दिसेल. त्या वेळी वाजवणे थांबवून पाहावे, एवढाच माझा सल्ला आहे.

आता चिरेविषयी. उणे दहा अंशांची हवा एका घनमीटरमध्ये जेमतेम दोन ग्रॅम बाष्प धरू शकते, तर वीस अंशांची हवा सुमारे सतरा ग्रॅम. बाहेरची हवा घरात येऊन तापली की तिच्यातले बाष्प तेवढेच राहते आणि सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवा धरू शकेल त्या बाष्पापैकी प्रत्यक्ष असलेल्याचे प्रमाण, बारा-तेरा टक्क्यांवर येते, जिथे वाद्याला चाळीस ते साठ टक्के हवी असते. स्प्रूस लाकडाची पातळ वरची फळी अशा हवेत आडवी आकसते, परंतु तिच्या खालच्या काठात बसवलेली आबनुसाची पट्टी तिच्याबरोबर आकसत नाही, म्हणून फळी नेमकी त्या पट्टीच्या कोपऱ्यापासून रेषेत फाटते. आमची चीर तिथूनच निघाली होती. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने भिंग लावून दाखवले की रोगणावर एकही ओरखडा नाही, कुठे खोक नाही, आणि शिवाय एका बाजूचा जोडही सुटलेला आहे. हे जोड मुद्दाम पातळ सरसाने चिकटवतात, म्हणजे लाकूड फाटण्याआधी जोड सुटावा. पंजाचा फटका बसला असता तर खूण राहिली असती. मी हे सर्व घरी येऊन सांगितले. दादा म्हणाला, कारागिराकडेही कुत्रा असेल.

वाद्य परत आल्यावर मी पहिल्या संध्याकाळी तार षड्जावर लांब गज ओढला आणि ठिपकीने मान वर करून सूर लावला, जसा ती नेहमीच लावत असे. दादाने त्याला गुन्ह्याची कबुली म्हटले.

तेव्हा एक आर्द्रतामापक घ्या, वाद्य पेटीत बंद ठेवा, पेटी शेगडीपासून सर्वांत दूरच्या आतल्या भिंतीलगत असू द्या आणि खोलीत ओले कपडे वाळत घाला. शेगडीवरच्या एका किटलीने फारसा फरक पडत नाही. बाहेरून आणलेली पेटी तास-दोन तास उघडू नका. ताज्या बर्फाने आवाज शोषल्यामुळे बाहेर जी शांतता असते, तिच्यात स्वतःचे बेसूर वाजणे फार स्पष्ट ऐकू येते, याचीही तयारी ठेवा.

कुत्र्याचे थोडक्यात : बोटांमधले केस कापा, तिथे बर्फाचे गोळे धरतात, रस्त्यावरचे मीठ पायांवरून पुसून काढा, गाडीच्या रेडिएटरमधले गोठणरोधक द्रव गोड लागते आणि ते प्राणघातक आहे, त्याचा थेंबही जमिनीवर राहू देऊ नका. हरणांची दया येऊन त्यांना धान्य मात्र टाकू नका, कारण हिवाळ्यात डहाळ्यांना सरावलेल्या त्यांच्या पोटाला अचानक मिळालेले धान्य जिवावर बेतू शकते.

माझे व्हायोलिन साधे आणि जुने होते. तुमचे कार्बन फायबरचे असेल तर वरचे बरेचसे तुम्हाला लागू नाही. तसेच दाट केसांची काही कुत्री गोठ्यात काय, उघड्यावरही मजेत झोपतात, हे मला मान्य आहे. ठिपकी आखूड केसांची होती. तिला गोठ्यात बांधले त्या दोन रात्रींपैकी दुसऱ्या रात्री पारा उणे चौदा होता, आणि मी रजई घेऊन तिच्याजवळ जाऊन झोपले, हे दादाला अजून ठाऊक नाही.