गळाला लागलेले प्रश्न : नांगर, सॅमन आणि नदीची ओढ

कयाकमधून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद छोट्या होडीतून, मासे पकडणाऱ्यांचे या वेळचे बहुतेक प्रश्न अमेरिकेतल्या सिएटलच्या उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या स्नोहोमिश, स्कायकोमिश आणि स्नोक्वाल्मी या नद्यांवरून आले आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

पिंक सॅमनच्या दिवसांत स्नोहोमिशवर नांगर टाकला, तर कयाक आडवी झाली आणि एका बाजूने पाणी आत येऊ लागले. नांगर दीड किलोचा, घडीचा. दोरी बैठकीशेजारच्या कडीला बांधली होती. आणखी जड नांगर घ्यावा का? (एव्हरेट)

जड नांगराने उलट लवकर बुडाल. चूक वजनाची नाही, दोरी बांधल्या जागेची आहे. मध्यावर बांधलेली कयाक प्रवाहाला आडवी होते आणि तिच्या पूर्ण लांबीवर पाणी आदळते. त्यातच दोरी प्रवाहाच्या वरच्या अंगाची कड खाली ओढते. कडेवरून पाणी चढले की उलटायला काही सेकंद पुरतात.

ओढ कयाकच्या टोकावरच यायला हवी. त्यासाठी नांगराची ट्रॉली बसवा. पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक कप्पी, त्यांतून कडेने फिरणारी दोरीची माळ, आणि माळेत एक कडी. नांगराची दोरी या कडीतून ओवून घ्या. माळ ओढली की कडी हव्या त्या टोकाला जाते आणि तुम्हाला बैठकीवरून उठावे लागत नाही. बहुतेक कयाकचे पुढचे टोक उंच असते, मागचे बैठकीच्या वजनाने दबलेले. म्हणून ओढ जरा जास्त असेल तर पुढचे टोक वापरा.

दोरीचे शेवटचे टोक कयाकला गाठीने बांधू नका. हाताशी असलेल्या दातेरी क्लीटमध्ये (दोरी पकडणाऱ्या खाचेत) दोरी अडकवा आणि टोकाला बोया लावा. वरून ओंडका वाहत आला की एका झटक्यात दोरी सोडायची, बोया तरंगत राहतो, नांगर नंतर आणता येतो. दोरी हाताला कधीही गुंडाळू नका. चाकू लाइफ जॅकेटवर, छातीशी. डब्यात ठेवलेला चाकू वेळेला सापडत नाही.

घडीचा नांगर दगडगोट्यांत अडकतो. पंज्यासारखा क्लॉ नांगर घ्या. दोरी त्याच्या बुडाच्या भोकाला शॅकलने (खिळीच्या कडीने) जोडा, दांड्यालगत वर आणा आणि वरच्या कडीला पातळ प्लास्टिकच्या झिप-टायने (आवळपट्टीने) बांधा. नांगर अडकला तर जोराच्या ओढीने टाय तुटतो आणि नांगर उलट्या दिशेने सुटून येतो. टाय जाड लावला तर तो तुटतच नाही आणि सगळी युक्ती फुकट जाते. दोन मीटर पाण्यात दहा ते पंधरा मीटर दोरी सोडा; आखूड दोरीने नांगर धरत नाही आणि टोक खाली ओढले जाते.

एव्हरेटजवळ, नदीच्या मुखाशी, भरती-ओहोटीचे पाणी नदीत शिरते. पाणी फिरले की कयाकही फिरते आणि दोरी अंगाखाली येते, म्हणून निघण्यापूर्वी भरतीचे कोष्टक पाहा. आणि वल्हवून एका जागी टिकता येत नसेल इतकी धार असेल, तर तिथे नांगर टाकूच नका. काठाच्या संथ पाण्यात जा.

गावच्या विहिरीत पोहायला शिकलो, चांगले पोहतो. उन्हाळ्यातही लाइफ जॅकेट घालायलाच हवे का? (रेडमंड)

हो. विहिरीचे पाणी आणि कॅस्केड पर्वतातल्या बर्फाचे पाणी यांत फार फरक आहे. थंड पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात धाप लागते आणि नकळत श्वास आत ओढला जातो; त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पोहता येण्याचा उपयोग नाही. साधारण दहा मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. हवा तिशीत असली तरी कपडे पाण्याच्या तापमानाला शोभतील असे घाला. वाहत्या पाण्यात वल्ह्याची दोरी स्वतःच्या अंगाला बांधू नका. काठाला पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी आरपार जाते, माणूस मात्र अडकतो आणि ती दोरी त्याला तिथेच धरून ठेवते.

कोहो सॅमन डोळ्यांदेखत उड्या मारतात, पण गळाला लागत नाहीत. एखादा लागला तर कयाकजवळ येऊन निसटतो. (बॉथेल)

नदीत शिरलेला सॅमन जवळजवळ खातच नाही, तो चिडून किंवा सवयीने चावा घेतो. उड्या मारणाऱ्याच्या मागे न लागता काठाजवळचे खोल, संथ डोह आणि पाण्यात पडलेल्या लाकडाची प्रवाहाच्या खालची बाजू धरा. सुमारे दहा ग्रॅमचा जिग (वजन जोडलेला आमिषाचा गळ) टाका, तळापर्यंत जाऊ द्या, रॉडच्या टोकाने छोटे झटके द्या आणि मध्ये मध्ये पडू द्या. चावा बहुधा पडतानाच येतो, म्हणून दोरा सैल सोडून चालत नाही. पहाटेचा पहिला तास दवडू नका.

निसटण्याचे कारण बहुधा रॉड. सहा फुटी रॉडचे टोक कयाकच्या नाकापलीकडे पोहोचत नाही. मासा खालून दुसऱ्या बाजूला गेला की दोरा कडेला घासतो. साडेसात-आठ फुटी रॉड घ्या. रीलचा ड्रॅग (दोरा सुटू देणारा ब्रेक) दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा. कोहो गोल गोल लोळतो आणि उलट काटा नसलेला गळ सैल दोऱ्यावर लगेच सुटतो. शेवटी टोकापासून रॉडएवढाच दोरा बाहेर ठेवा, रॉड मागे न्या आणि मासा डोक्याकडून जाळीत घ्या. जाळी पुढे ढकलून शेपटीकडून उचलायला गेलात की मासा गेलाच. हे करताना तुमचे डोके कयाकच्या कडेबाहेर जाऊ देऊ नका.

सप्टेंबरमध्ये मुलीकडे येतो आहे. पाहुण्यालाही परवाना लागतो का? (पुणे)

लागतो. वॉशिंग्टन राज्यात 15 वर्षे आणि त्यावरच्या प्रत्येकाला. एक, दोन किंवा तीन दिवसांचा मिळतो. सॅमनसाठी नोंदपत्रही हवे आणि ठेवलेल्या माशाची नोंद लगेच करावी लागते. नियम हंगामाच्या मध्येच बदलतात, म्हणून त्या दिवशी सकाळी नदीचे नाव टाकून तपासा. पिंक इथे विषम वर्षांतच भरभरून येतात, त्यामुळे 2026 मध्ये त्यांची आशा धरू नका, 2027 मध्ये धरा.

मासा ओळखता यायलाच हवा. प्यूजेट साउंडचा (सिएटलजवळच्या समुद्राच्या खाडीचा) चिनूक सॅमन 1999 पासून संरक्षित यादीत आहे. त्याच्या हिरड्या काळ्या आणि शेपटीच्या दोन्ही भागांवर ठिपके. कोहोच्या हिरड्या दातांच्या मुळाशी पांढरट, ठिपके शेपटीच्या वरच्या भागावर. पिंकच्या शेपटीवर मोठे लांबट डाग. जो ठेवता येत नाही तो फोटोसाठीसुद्धा पाण्याबाहेर काढायचा नाही.

आपला रावस म्हणजेच सॅमन ना? कालवण तसेच करायचे? (केंट)

नाही. रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, एवढाच संबंध. तो वेगळ्याच कुळातला समुद्री मासा. कोहो तेलकट असतो, नारळाच्या दाट रसात जड होतो. रस पातळ ठेवा, आमसूल जरा जास्त घाला आणि तुकडे शेवटी सोडा. पिंक कमी तेलाचा, तव्यावर पटकन कोरडा पडतो. दोन्ही मासे पकडल्याबरोबर कल्ले कापून रक्त काढा आणि बर्फात ठेवा. कच्चा खायचा असेल तर आतल्या कृमींसाठी उणे 20 अंशांवर सात दिवस गोठवावा लागतो, आणि घरातला फ्रीजर बहुधा तितका थंड नसतो. आधी थर्मामीटर आत ठेवून पाहा.