रेशनकार्ड दाखवलं, पण पोच कुठे आहे?

पत्र मुंब्र्याच्या एका ताईंचं आहे. नाव-गाव झाकलं तर भिवंडी, गोवंडी, मालेगावहून येणाऱ्या पत्रांत ते सहज मिसळून जाईल. नवरा रिक्षा चालवतो. सात महिन्यांपूर्वी रात्री त्याच्या छातीत दुखू लागलं, म्हणून मुंबईतल्या एका धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलात नेलं. दारातच ५०,००० रुपये अनामत मागितली, ती दागिने गहाण ठेवून भरली. अँजिओप्लास्टी झाली, बिल ३,१०,००० रुपये आलं. दुसऱ्या दिवशी केशरी रेशनकार्ड समाजसेवा विभागात नेलं. आधारवर नाव वेगळं आणि कार्डावर पत्ता जुना, म्हणून ते परत केलं आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणायला सांगितलं. वर "तुमच्या लोकांचे कागद कधी जुळतच नाहीत" हेही ऐकवलं. दाखला हातात येईपर्यंत डिस्चार्ज झाला होता. उसनवारी करून आणखी १,७०,००० भरले आणि उरलेल्या ९०,०००ची हमी ताईंनी लिहून दिली. आता त्या रकमेसाठी हॉस्पिटलच्या वकिलाची नोटीस आली आहे. ताई विचारतात, धर्मावरून भेदभाव केला म्हणून केस करता येईल का?

ताई, करता येईल, पण सुरुवात तिथून करू नका. ते वाक्य तुम्हाला ऐकवलं गेलं, याबद्दल मला शंका नाही. पण ते तुम्ही एकटीने ऐकलंत आणि बोलणारी व्यक्ती कोर्टात साफ नाकारेल. शिवाय राज्यघटनेतला भेदभावाचा मूळ निर्बंध सरकारवर आहे. खासगी ट्रस्टवर तो कितपत लागू होतो, यावर दोन्ही बाजूंचे वकील वर्षानुवर्षं बोलू शकतात. रुग्णहक्कांच्या सनदेत भेदभाव करू नये असं लिहिलेलं आहे, तक्रारीत तो मुद्दा जरूर घाला, मात्र शेवटी. तुमचा निकाल त्या वाक्यावर ठरणार नाही, रेशनकार्ड परत केलं त्या दिवसावर ठरेल.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमातलं कलम ४१ कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली आखून दिलेली योजना, एवढ्यावर हे प्रकरण उभं आहे. अशा हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी बाकीच्या रुग्णांच्या बिलाचे २ टक्के 'निर्धन रुग्ण निधी'त जातात. निर्धनासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १,८०,००० रुपये, दुर्बलासाठी ३,६०,०००. रुग्णाची आर्थिक स्थिती तपासण्याचं काम योजनेने हॉस्पिटलच्या वैद्यकीय समाजसेवकावर टाकलं आहे, आणि तपासायची कशावरून तेही सांगितलं आहे: तहसीलदारांचा दाखला, रेशनकार्ड किंवा दारिद्र्यरेषेखालचं कार्ड. यातलं एक पुरतं. केशरी कार्ड वार्षिक एक लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला मिळतं, म्हणजे तुमचं कार्ड निर्धनाच्या मर्यादेच्या बरंच आत बसतं. तरीही बहुतेक हॉस्पिटलं तहसीलदारांच्या दाखल्यावर अडून बसतात, कारण दाखला यायला दिवस लागतात आणि रुग्ण त्याआधीच घरी जातो. हा अडथळा कुणी चुकून उभा केला असेल यावर माझा विश्वास नाही.

नाव न जुळण्याचंही तेच. आधारवर 'मोहम्मद', कार्डावर 'महंमद', मतदार यादीत नुसतं 'मो.', सासूबाई एकीकडे 'बी' तर दुसरीकडे 'बानो'. ही स्पेलिंगं तुम्ही ठरवलेली नाहीत, टेबलापलीकडच्या कारकुनांनी जमेल तशी लिहिली आहेत. पत्ता जुना, कारण ९२-९३च्या दंगलींनंतर मुंबई सोडून मुंब्र्याला आलेल्या कित्येक घरांची कार्डं जुन्याच पत्त्यावर राहिली. याने ओळख पटवायला थोडी अडचण येते, उत्पन्नाचा पुरावा खोटा ठरत नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आता करून घ्या. ते तेव्हाच कुणी मागितलं असतं तर एका दुपारचं काम होतं.

प्रश्न एकच उरतो. डिस्चार्जच्या आधी कार्ड समाजसेवा विभागात पोहोचलं होतं, हे सिद्ध कसं करणार? तुम्ही झेरॉक्सवर पोच घेतली नाही. लेखी अर्जही दिला नाही. दागिने गहाण ठेवल्याची पावती मात्र जपून ठेवलीत! मी रागावतो आहे खरा, कारण दर महिन्याला माझ्यासमोर असंच एक कुटुंब बसतं, तोंडी सगळं सांगतं आणि कागद एकही काढत नाही. तुमच्या पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ आहे: समाजसेवा विभागातल्या बाईंनी व्हॉट्सॲपवर 'तहसीलदार इन्कम सर्टिफिकेट लागेल' असा मेसेज पाठवला होता. ताई, ती ओळ पत्राच्या पहिल्या वाक्यात हवी होती. रुग्ण दाखल असताना हॉस्पिटलला अर्ज कळला होता आणि योजनेत नसलेली अट घालून तो परत केला, हे तो मेसेज सांगतो. 'निर्धन खाटा भरलेल्या होत्या' असं ते आता म्हणाले, तर त्या दिवशी हे कारण का दिलं नाही, असं विचारता येईल. फोन बदलू नका, विकू नका, मुलांच्या हातात देऊ नका. मेसेजची छापील प्रत कोर्टात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

बाकी गोष्टींवर मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागायची नाही, असं योजना सांगते, पण दाखल करताना तुम्ही सही केलेल्या फॉर्मवर 'सवलत नको' असं छापलेलं असू शकतं. त्या घाईतल्या सहीला फार वजन मिळू नये, पण मिळणारच नाही असं म्हणवत नाही. तुम्ही जनरल वॉर्डात होतात की दोन खाटांच्या खोलीत, हेही लिहिलेलं नाही. खोली स्वतः मागून घेतली असेल तर बाजू कमकुवत होते. सरकारची महात्मा फुले जनआरोग्य योजना इथे उपयोगाची नाही. तिची मंजुरी हॉस्पिटलमार्फत घ्यावी लागते, घरी आल्यावर बिल लावून पैसे मिळत नाहीत.

आता कामाला लागा. इनडोअर केसपेपर, म्हणजे दाखल असतानाच्या उपचारांच्या नोंदी, लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ते देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि या वेळी पोच घ्या. वरळीच्या धर्मादाय आयुक्तालयात देखरेख समितीच्या नावाने तक्रार द्या: रुग्णाला निर्धन धरून बिल पुन्हा काढावं आणि भरलेले पैसे परत करावेत. तिथून पैसे नक्की परत येतील, असं मी लिहून देणार नाही. म्हणून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगातही जा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मोबदला, म्हणजे सेवेसाठी दिलेले पैसे, पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. 'फुकटच्या रुग्णाला ग्राहक म्हणता येत नाही' असा बचाव आला, तर पैसे घेऊनही उपचार करणाऱ्या हॉस्पिटलातला मोफत रुग्णसुद्धा ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवलं आहे. मुदत दोन वर्षांची, त्यातले सात महिने तुम्ही घालवलेत. निकाल तीन महिन्यांत लावावा असं कायद्यात लिहिलं आहे. त्यावर विसंबून सावकाराला तारीख देऊ नका. वकिलाच्या फीची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि हमीपत्रावर सही तुमची असल्याने तक्रारदार तुम्हीही होऊ शकता.

नोटिशीला उत्तर द्या, गप्प बसू नका. उत्तरात रक्कम कबूल करू नका, मेसेजची तारीख घाला. आणि हमीपत्रासोबत सही केलेला चेक दिला होता का, ते आजच कळवा. चेक वटला नाही म्हणून ही नोटीस आली असेल तर ती मिळाल्यापासून पैसे भरायला फक्त १५ दिवस असतात, आणि ती कधी मिळाली हे तुम्ही लिहिलेलंच नाही.