शरीर परजीवीला ओळखतं, तरी मलेरिया पुन्हा पुन्हा का होतो?

तुमचा प्रश्न असा आहे: परजीवीच्या पृष्ठभागावर परके रेणू असतात, शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडंही (अँटीबॉडीज) बनवतं, मग गोवरासारखी मलेरियापासून कायमची सुटका का होत नाही? मी रोगप्रतिकारशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न मला फार जवळचा आहे. शरीर ओळखण्यात कमी पडत नाही. परजीवी जे रेणू सर्वांत ठळकपणे समोर ठेवतो, ते त्याला सहज बदलता येतात, खरी मेख तिथे आहे.

मलेरियाकडे येण्याआधी आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा परजीवी, ट्रिपॅनोसोमा ब्रुसी, बघा. त्से-त्से माशी चावल्यावर तो शरीरात शिरतो आणि आपल्या पेशींच्या आत न लपता रक्तातच पोहत राहतो, म्हणजे अगदी प्रतिपिंडांच्या तोंडी. त्याच्या अंगावर व्हीएसजी या एकाच प्रकारच्या प्रथिनाचे सुमारे १ कोटी रेणू दाटीवाटीने बसलेले असतात. काही दिवसांत बी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतात, ती चिकटलेले परजीवी यकृतातल्या मॅक्रोफेज पेशी गिळतात आणि रक्तातली संख्या झपाट्याने उतरते. पण तोवर मोजक्या परजीवींनी वेगळं व्हीएसजी चढवलेलं असतं. त्यांच्याजवळ या प्रथिनाची पूर्ण-अपूर्ण मिळून २००० च्या वर जनुकं असतात. एका वेळी चालू फक्त एक, आणि अपूर्ण तुकडे जोडून नवीनही बनवता येतं. शरीर दर वेळी जिंकतं, पण आधीच्या आवरणाशी. याहून थक्क करणारी गोष्ट २००७ साली दाखवली गेली: थोडीच प्रतिपिंडं चिकटली असतील, तर परजीवीच्या पोहण्याच्या वेगानेच ती मागच्या टोकाकडे ढकलली जातात. तिथल्या खळग्यातून तो ती आत ओढून पचवतो.

मलेरियाचा प्लास्मोडियम फॅल्सिपेरम तांबड्या पेशीत लपतो. मग त्याने बाहेर काही दाखवायचंच कशाला? कारण संसर्ग झालेली पेशी ताठर होते आणि प्लीहेत, म्हणजे रक्त गाळणाऱ्या अवयवात, गेली तर गाळली जाते. ते टाळायला ती रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटली पाहिजे. त्यासाठी परजीवी पेशीच्या पृष्ठभागावर पीएफईएमपी-१ हे प्रथिन आणतो, आणि तेच प्रतिपिंडांच्या नजरेत येतं. त्याची सुमारे ६० जनुकं प्रत्येक परजीवीत असतात, आणि वेगवेगळ्या परजीवींमध्ये ती वेगवेगळी असतात. म्हणून मलेरियाग्रस्त भागात वाढणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षांच्या संसर्गांतून एकेका रूपाविरुद्ध प्रतिपिंडं जमवावी लागतात. आधी गंभीर आजारापासून संरक्षण मिळतं, साध्या तापापासून बऱ्याच उशिरा. संसर्ग पूर्ण थांबतो असं तर क्वचितच.

गरोदरपणात हे फार स्पष्ट दिसतं. अशा भागातली, मलेरियाला बऱ्यापैकी सरावलेली स्त्री पहिल्या गरोदरपणात पुन्हा आजारी पडते. वारेमध्ये (प्लॅसेंटा) काँड्रॉइटिन सल्फेट ए हा रेणू असतो, आणि त्याला चिकटणारं पीएफईएमपी-१चं व्हीएआर२सीएसए हे रूप तिच्या शरीराने पूर्वी पाहिलेलंच नसतं. पुढच्या खेपांना त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार असतात आणि धोका कमी होतो.

म्हणून लशीसाठी परजीवीला फारसं बदलता न येणारा भाग शोधावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिफारस केलेली आरटीएस,एस आणि २०२३ मधली आर२१ या दोन्ही लशी डास चावताना शिरणाऱ्या अवस्थेवरच्या सीएसपी प्रथिनावर बेतलेल्या आहेत. या प्रथिनात चार अमिनो आम्लांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. अडचण वेळेची आहे. हे परजीवी थोड्याच वेळात यकृताच्या पेशींत शिरतात, त्यामुळे प्रतिपिंडं आधीपासूनच भरपूर हवीत, आणि ती उतरत जातात म्हणून बूस्टर लागतो.

मला सर्वांत जास्त आशा आरएच५ या परजीवीच्या दुसऱ्या एका प्रथिनाकडून आहे. तांबड्या पेशीत शिरताना फॅल्सिपेरमला या प्रथिनावाचून चालत नाही आणि त्यात फरकही फार थोडे आढळतात. पण ते इतका कमी वेळ उघडं पडतं की नैसर्गिक संसर्गात त्याविरुद्ध प्रतिपिंडं जेमतेम बनतात. ते लशीतून शरीराला आधीच भरपूर दाखवायचं, या कल्पनेच्या चाचण्या माणसांवर झाल्या आहेत, आफ्रिकेतल्या लहान मुलांवरही.