हाय-पॉवर पिस्तूल नेमके कोणाचे?

प्रश्न : माझे वडील लष्करात असताना त्यांच्याकडे ईशापूरचे ९ मिमी पिस्तूल असे. मॅगझीन काढले की चाप ओढूनही त्याचा घोडा पडत नसे, असे ते सांगतात. ही सोय कशासाठी? आणि हे पिस्तूल मूळचे अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांचे, हे खरे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अर्धे खरे आहे. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीतील हे पिस्तूल, कॅनडातील इंग्लिस कंपनीने दुसऱ्या महायुद्धात तयार केलेल्या हाय-पॉवर या पिस्तुलावर बेतलेले आहे आणि हाय-पॉवरचा जन्म बेल्जियममधील हर्स्टाल येथे, एफएन या शस्त्रे बनवणाऱ्या कंपनीत झाला. पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच लष्कराला अधिक गोळ्या मावणारे पिस्तूल हवे होते. ब्राउनिंग यांनी ते काम अंगावर घेतले खरे, पण त्यांनीच रचलेल्या ‘१९११’ या प्रसिद्ध पिस्तुलाचे हक्क कोल्ट कंपनीकडे असल्यामुळे त्यांना स्वतःच्याच कल्पनांना वळसा घालून नवी रचना करावी लागली. १९२३मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. ते १९२७मध्ये मंजूर झाले, तेव्हा ब्राउनिंग हयात नव्हते. नोव्हेंबर १९२६मध्ये हर्स्टालच्या कारखान्यातच त्यांचे निधन झाले होते.

पुढचे काम एफएनमधील रचनाकार दियूदोने सेव्ह यांचे, आणि आमच्या मते त्यांना मिळायला हवे तेवढे श्रेय आजही मिळत नाही. काडतुसे दोन ओळींत आलटून-पालटून बसवणारे मॅगझीन त्यांचेच. त्यामुळे १९११च्या सात गोळ्यांच्या जागी मुठीत तेरा गोळ्या मावल्या. १९२८मध्ये कोल्टकडील पेटंटची मुदत संपताच सेव्ह यांनी त्यातील उपयुक्त भागही नव्या रचनेत आणले. नळी सोडवण्याची पद्धत मात्र वेगळी राहिली. गोळी सुटताना नळी व वरची स्लाइड एकमेकींत अडकून थोडे अंतर जोडीने मागे सरकतात आणि नळीतील दाब उतरल्यावर नळीचे मागचे टोक खाली झुकून स्लाइड मोकळी होते. १९११मध्ये हे काम एक हलती कडी करते, तर हाय-पॉवरमध्ये नळीखालचा तिरका खाचेचा भाग सांगाड्यातील पक्क्या आडव्या दांडीवर घसरतो. सुटा भाग कमी, म्हणून झीजही कमी.

बेल्जियमच्या लष्कराने १९३५मध्ये हे पिस्तूल स्वीकारले. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप झाला त्या फ्रेंचांनी मात्र वेगळेच पिस्तूल निवडले.

आता वडिलांच्या अनुभवाविषयी. मॅगझीन काढले तरी नळीत एक काडतूस राहू शकते आणि पिस्तूल रिकामे समजून चाप ओढला गेल्यास अपघात होतो, म्हणून मॅगझीन नसताना चाप निकामी राहावा, ही अट मुळात फ्रेंचांची होती. चापाला जोडलेला एक छोटा भाग मॅगझीनच्या पुढच्या बाजूवर टेकतो. मॅगझीन असेल तरच चापाचा घोड्याशी संबंध जुळतो. मात्र चाप ओढताना हाच भाग मॅगझीनवर घासतो आणि ओढ खरखरीत लागते, त्यामुळे अचूक नेमबाजी करणाऱ्यांना ही सोय कधीच फारशी रुचली नाही.